बाबांच्या गोळीला पहिला पैसा कुणी दिला? (प्रोस्टेट कॅन्सरचं संशोधन आणि आमची देणगी)

कृष्णाकाठ

बाबांना जाऊन येत्या चैत्रात वर्ष होईल. वर्षश्राद्धाच्या निमित्ताने आई, दादा आणि मी मिळून सहा लाख रुपये बाजूला ठेवलेत. बाबांच्या शाळेला द्यावेत की गावच्या वाचनालयाला, एवढाच प्रश्न होता. मग एका दुपारी आई औषधांचा डबा आवरायला बसली. बाबांच्या उरलेल्या गोळ्या तिने अजून टाकलेल्या नाहीत. पाकीट हातात घेऊन म्हणाली, "ही गोळी कुणीतरी शोधलीच असेल ना? लागू पडेल की नाही हे ठाऊक नसताना त्याला पहिला पैसा कुणी दिला असेल गं?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा काढतेय.

थोडं मागचं सांगते. २०२० च्या सुरुवातीला बाबांची पाठ दुखायला लागली. वय सत्तर. जवळच्या एका दवाखान्यात मलम, पट्टा, शेक असं पाच महिने चाललं. रात्री चार-चार वेळा लघवीला उठायचे, पण ते बोलायचे नाहीत आणि आम्हालाही वाटायचं, वयाचं आहे. शेवटी तपासणी झाली तेव्हा पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) चारशेच्या वर होता आणि रोग हाडांत पसरला होता. दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन आणि रोज सकाळी उपाशीपोटी अबिरॅटेरोनच्या चार गोळ्या, सोबत प्रेडनिसोलोन. दोन महिन्यांत बाबा काठीशिवाय चालायला लागले. पुढची चार वर्षं उसाला पाणी पाजायला स्वतः जायचे, नातवाला पावकी-निमकी पाठ करून घेतली. मग हळूहळू गोळी लागू पडेनाशी झाली.

आईचं म्हणणं असं की ती चार वर्षं कुणीतरी आपल्याला दिलीत, तर आता आपण पुढच्याला द्यावीत. पण हे करायचं कसं? सुरुवातीच्या संशोधनाला आपल्यासारखी माणसं पैसे देऊ शकतात का? त्याचा उपयोग होतो का? जाणकारांनी कृपया लिहावं.

डोंगरवाट

तुमच्या आईंच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कंपनीत मी रसायनशास्त्रज्ञ आहे आणि याच रेणूवर दोन वर्षं काम केलंय.

सुरुवात १९४१ पासून करावी लागते. पुरुषी हार्मोन बंद केलं की प्रोस्टेटचा कॅन्सर आक्रसतो, हे शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं. त्यासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळालं. बाबांचं तीन महिन्यांचं इंजेक्शन त्याच विचारातून आलंय. पण काही काळाने रोग पुन्हा डोकं वर काढतो. तेव्हा बहुतेक डॉक्टरांचा समज असा होता की या टप्प्यावर रोगाला हार्मोनची गरजच उरलेली नसते, त्यामुळे त्या वाटेने पुढे जाण्यात अर्थ नाही.

लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमधल्या माइक जारमन, जेरी पॉटर आणि एलेन बॅरी यांनी ती वाट सोडली नाही. अंडकोषांचं काम थांबवलं तरी मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी थोडं हार्मोन बनवतच राहतात. खुद्द गाठही बनवते, हे पुढे पक्कं झालं. सगळीकडचं उत्पादन एकाच एन्झाइमवर अवलंबून आहे, सीवायपी १७. तो रोखायचा. केटोकोनाझोल हे बुरशीवरचं औषध मोठ्या मात्रेत दिलं की हा एन्झाइम थोडा दबतो, एवढा दुवा हातात होता. पण त्या मात्रेत ते अंगाला झेपत नसे. १९९० च्या सुमारास या मंडळींनी अबिरॅटेरोन तयार केलं.

पहिला पैसा होता कॅन्सर रिसर्च कॅम्पेन या ब्रिटिश धर्मादाय संस्थेचा. आज ती कॅन्सर रिसर्च यूके म्हणून ओळखली जाते. म्हणजे लोकांच्या देणग्या. आईंना सांगा, तुमच्या-आमच्यासारख्यांनीच दिला.

पुढची गोष्ट मात्र मन दुखवणारी आहे. ज्या औषध कंपनीने हा रेणू घेतला होता तिने तो सोडून दिला. कितीतरी वर्षं तो फडताळात पडून राहिला. २००४ मध्ये कूगर बायोटेक्नॉलॉजी या छोट्या कंपनीने हक्क घेतले. मग रॉयल मार्सडन रुग्णालयात योहान डी बोनो यांच्या गटाने २१ रुग्णांवर पहिली नीट चाचणी केली आणि २००८ मध्ये निकाल छापला. वर्षभरात जॉन्सन अँड जॉन्सनने कूगर कंपनी सुमारे शंभर कोटी डॉलरना विकत घेतली. ११९५ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत सरासरी आयुष्य १०.९ महिन्यांवरून १४.८ महिन्यांवर गेलं. तो रोगाचा अगदी शेवटचा टप्पा होता, केमोथेरपी होऊन गेलेले रुग्ण होते. बाबांसारखं सुरुवातीलाच दिलं तर फायदा जास्त मिळतो, हे नंतर कळलं. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली.

शंभर कोटी डॉलर सगळ्यांना दिसतात. १९९० मधला तो लहानसा पैसा कुणालाच दिसत नाही, आणि तो नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

शिरीषफूल

वाचून डोळे भरून आले. माझे सासरे याच गोळीवर आहेत, तिसरं वर्ष. आईंना माझा नमस्कार सांगा. वाचते आहे.

पेशीघर

मी नवी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत कॅन्सरवर काम करते. 'सुरुवातीचं संशोधन' म्हणजे नेमकं काय, हे आतून सांगते.

समजा मला एखादी कल्पना सुचली. हार्मोनचं औषध सुरू झाल्यावर काही पेशी रूप बदलून निसटतात, त्या कशाच्या जोरावर निसटतात हे शोधायचंय. अनुदानासाठी अर्ज करते. परीक्षक विचारतात, प्राथमिक पुरावा कुठाय? तो गोळा करायचा तर पेशी वाढवायच्या, प्रतिपिंडं (अँटिबॉडी) विकत घ्यायची, सिक्वेन्सिंग (जनुकांचा क्रम वाचणं) करून घ्यायचं. बहुतेक माल परदेशातून येतो, यायला दोन-दोन महिने लागतात. म्हणजे पुरावा नाही म्हणून पैसा नाही आणि पैसा नाही म्हणून पुरावा नाही. नव्याने प्रयोगशाळा सुरू केलेल्या तरुणांची उमेदीची वर्षं यातच जातात. माझी गेली.

आपल्याकडे पैशाच्या वाटा मुळीच नाहीत असं नाही. वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी आयसीएमआर आहे, जैवतंत्रज्ञान विभाग आहे, विज्ञान संशोधनाला अनुदान देणारं सर्ब हे सरकारी मंडळ होतं त्या जागी आता एएनआरएफ आलंय. कल्पनेतून उत्पादन काढायचं असेल तर बायरॅक या सरकारी संस्थेचं 'बिग' अनुदान आहे, अठरा महिन्यांसाठी पन्नास लाखांपर्यंत. २००८ पासून जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टने मिळून चालवलेल्या शिष्यवृत्त्या आहेत. त्याचं एक चांगलं उदाहरण म्हणजे आयआयटी कानपूरच्या बुशरा अतीक. प्रोस्टेट कॅन्सरमधल्या एसपीआयएनके १ या जनुकावर त्यांचं काम आहे. हार्मोन रोखणाऱ्या उपचारानेच हे जनुक उलट जोर धरतं आणि पेशींना रूप बदलायला मदत करतं, हे त्यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं. त्याच वर्षी त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. बाबांच्या गोळीचा असर का संपला असेल, या प्रश्नाच्या अगदी जवळचं काम आहे हे.

तरीही देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के. त्यात कॅन्सर, त्यात प्रोस्टेट, त्यात सुरुवातीचा टप्पा. हातात काय पडत असेल याचा अंदाज बांधा.

आणखी एक गोष्ट मला फार खुपते. जगभरच्या प्रयोगशाळांत प्रोस्टेट कॅन्सरचा अभ्यास ज्या तीन जुन्या पेशीवाणांवर, म्हणजे एका गाठीतून घेऊन वर्षानुवर्षं वाढवत ठेवलेल्या पेशींवर होतो (एलएनकॅप, पीसी-३ आणि डीयू-१४५), ते तिन्ही गोऱ्या पुरुषांच्या गाठींतून आलेत. आमच्या फ्रीजरमध्येही तेच आहेत. सांगली-साताऱ्याच्या माणसाची गाठ तशीच वागते का, हे विचारायचं तर आधी आपल्या रुग्णांच्या पेशी आणि ऊती नीट जपून ठेवायला हव्यात. या कामाला चकाकी नाही, त्यामुळे पैसा मिळत नाही.

दादरकर१९

सगळ्यांची माफी मागून वेगळं मत मांडतो. मी गेली अकरा वर्षं परळ-दादर भागात बाहेरगावच्या कॅन्सर रुग्णांच्या राहण्या-जेवणाचं काम करतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर माणूस नशीबवान. ज्यांना मिळत नाही ते पदपथावर झोपतात, अंगाला नळी लावलेली असताना. मागच्या पावसाळ्यात यवतमाळहून आलेले एक आजोबा, प्रोस्टेटचेच, रेडिएशनचे पंचवीस दिवस व्हायचे होते. चौदाव्या दिवशी गावी परत गेले, कारण जवळचे पैसे संपले. आम्हाला कळलं तेव्हा गाडी सुटून गेली होती.

ताई, तुमच्या सहा लाखांत अशा कितीतरी लोकांचे उपचार पूर्ण होतील. संशोधनाचं फळ तीस वर्षांनी मिळणार, तेही मिळालं तर. उपचार आहे आणि तो घेता येत नाही, हे आधी मिटवायला नको का? तुमच्या वडिलांच्या नावाने कुणीतरी पंचविसावा दिवस गाठला, हे तुम्हाला डोळ्यांनी बघता येईल.

कृष्णाकाठ

दादरकर, माफी कसली. तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या आजोबांचं पुढे काय झालं ते विचार." सांगाल का?

दादरकर१९

तालुक्याच्या एका कार्यकर्त्यामार्फत शोध घेतला. सव्वा महिन्यानंतर परत आले, डॉक्टरांनी नव्याने आखणी करून उपचार पूर्ण केले. सध्या बरे आहेत. पण मधला खंड पडायला नको होता.

ट्रॉम्बेकर

मी निवृत्त आहे. आयुष्य भाभा अणुसंशोधन केंद्रात गेलं, रेडिओआयसोटोपच्या कामात. तीस वर्षांनी फळ मिळतं असं दादरकर म्हणाले ते खरंय, पण ती तीस वर्षं कशी जातात ते मी थोडं जवळून पाहिलंय.

ल्युटेशियम-१७७ या किरणोत्सर्गी धातूचं नाव आता प्रोस्टेटच्या रुग्णांना ओळखीचं झालंय. पीएसएमए नावाचं प्रथिन प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींच्या अंगावर दाट असतं. त्याला चिकटणाऱ्या रेणूला ल्युटेशियम जोडायचं, शिरेतून द्यायचं. तो शरीरभर हिंडून गाठी शोधतो आणि तिथल्या तिथे किरणोत्सर्ग करतो. हाडाहाडांत पसरलेल्या रोगावर हे चालतं. २०२१ मध्ये व्हिजन या चाचणीचा निकाल आला, सरासरी आयुष्य ११.३ महिन्यांवरून १५.३ महिने. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत मंजुरी.

आता मागे जा. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या बफेलोमध्ये एका रुग्णाच्या लसिकाग्रंथीतून पेशी काढून वाढवल्या. पेशीघर यांनी सांगितलेला एलएनकॅप तो हाच. त्या पेशी उंदरांना टोचून १९८७ मध्ये एक प्रतिपिंड मिळवलं. ते कशाला चिकटतं, एवढंच कुतूहल. १९९३ मध्ये न्यूयॉर्कला त्या प्रथिनाचं जनुक हाती आलं. मग हायडेलबर्गच्या शास्त्रज्ञांनी त्याला घट्ट धरून बसणारा रेणू बनवला. १९८७ ला त्या माणसांना कुणी विचारलं असतं, याचा रुग्णाला काय उपयोग, तर ते काय सांगणार होते?

आणि इकडे आमची 'ध्रुव' अणुभट्टी १९८५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. तेव्हा प्रोस्टेटचा विचार कुणाच्या डोक्यात असणं शक्य नव्हतं. पुढे त्याच ध्रुवमध्ये आम्ही ल्युटेशियम तयार करायला लागलो. साडेसहा दिवसांत निम्मं होतं ते, साठवून ठेवता येत नाही. भट्टीतून काढलं की प्रक्रिया, तपासणी आणि लगेच रुग्णालयांकडे रवाना. देशातल्या रुग्णाला ते परवडण्याजोगं मिळतं यामागे ट्रॉम्बे आणि वाशीच्या माणसांची कित्येक वर्षांची मेहनत आहे. अमेरिकेत याच्या एका मात्रेची किंमत चाळीस हजार डॉलरच्या वर आहे, आणि सहापर्यंत मात्रा द्याव्या लागतात.

मागे एकदा एका रुग्णाचे स्कॅन पाहायला मिळाले होते, आधीचा आणि नंतरचा. आधीच्यात सगळा सांगाडा काळ्या ठिपक्यांनी भरलेला, नंतरच्यात जवळजवळ कोरा. त्या रात्री घरी जाऊन बायकोला म्हटलं, आपण इतकी वर्षं काय करत होतो ते आज मला दिसलं.

मिशिगनवासी

ट्रॉम्बेकर काका, तुमचा प्रतिसाद जपून ठेवतोय. मी स्वतः रुग्ण आहे, २०१६ मध्ये शस्त्रक्रिया झाली. इथे अमेरिकेत हा पैसा कसा उभा राहिला ते सांगतो, कारण त्यातून आपल्याकडे काय नाही ते कळतं.

१९९३ मध्ये मायकेल मिल्केन या वॉल स्ट्रीटच्या माणसाला ४६ व्या वर्षी प्रोस्टेट कॅन्सर निघाला. (रोख्यांच्या व्यवहारातल्या गुन्ह्यांसाठी तुरुंगवास भोगून तो नुकताच बाहेर आला होता. हे लपवण्यात अर्थ नाही. त्याचं ते कृत्य आणि हे काम दोन्ही खरं आहे.) त्याच वर्षी त्याने संस्था काढली. तिचं आजचं नाव प्रोस्टेट कॅन्सर फाउंडेशन. अर्ज मोजक्या पानांचा, निर्णय लवकर, आणि पैसे घेणाऱ्यांनी निष्कर्ष छापून येण्याची वाट न बघता एकमेकांना सांगायचे. तरुण संशोधकांना तीन वर्षांसाठी सव्वादोन लाख डॉलर, तेही प्रकल्पापेक्षा माणसाकडे बघून. काका म्हणाले त्या पीएसएमएच्या सुरुवातीच्या कामालाही या संस्थेचा हात लागलाय.

दुसरा मार्ग सरकारी. स्तनाच्या कॅन्सरसाठी महिलांनी संसदेकडून संरक्षण खात्याच्या तरतुदीत निधी मिळवला होता, ते बघून प्रोस्टेटचे रुग्णही उभे राहिले. १९९७ मध्ये साडेचार कोटी डॉलरने कार्यक्रम सुरू झाला. त्यात काही वर्षं एक लहान अनुदान असं होतं की प्राथमिक पुरावा मागायचाच नाही आणि परीक्षकांना अर्जदाराचं नावही कळू द्यायचं नाही. पेशीघर ताई ज्या कोंडीबद्दल बोलल्या तिच्यावरचा हा उपाय.

या कार्यक्रमाच्या परीक्षक मंडळात रुग्ण बसतात. शास्त्रज्ञाइतकंच त्यांच्या मताला वजन. मी दोनदा बसलोय. अर्जांतलं काही सांगता येत नाही, पण अनुभव सांगतो. पहिल्या दिवशी मी घाबरलो होतो, जनुकांची नावंसुद्धा नीट उच्चारता येत नव्हती. मग एका अर्जावर मी एवढंच विचारलं, या तपासणीसाठी रुग्णाची पुन्हा बायोप्सी करावी लागेल का? ती किती दुखते ते मला माहीत आहे. टेबलाभोवती शांतता झाली आणि त्या मुद्द्यावर अर्धा तास चर्चा झाली.

संरक्षण खात्यातला हाच निधी २०२४ मध्ये अकरा कोटी डॉलर होता, २०२५ मध्ये साडेसात कोटींवर आला. पहिली झळ कुणाला लागणार हे वेगळं सांगायला नको. आणि लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा अंदाज आहे की जगभरातले प्रोस्टेट कॅन्सरचे २०२० मधले वर्षाला १४ लाख नवे रुग्ण २०४० पर्यंत २९ लाखांवर जातील, वाढ मुख्यतः आपल्यासारख्या देशांत.

यारातीर

मेलबर्नहून. इथे २००३ मध्ये तीस मित्रांनी नोव्हेंबरभर मिशा वाढवायचं ठरवलं, तेव्हा पैसे गोळा करायचा विचारही नव्हता. पुढच्या वर्षी साडेचारशे जण झाले आणि ५४ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर प्रोस्टेटच्या संस्थेला दिले. तीच आजची मोव्हेंबर चळवळ. आमच्या महाराष्ट्र मंडळातले पाच-सहा जण दरवर्षी भाग घेतात. मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की मिशीच्या निमित्ताने पुरुष लघवीच्या त्रासाबद्दल बोलायला लागतात. माझे काका बोलले असते तर आज असते.

डोंगरवाट

दादरकरांच्या मुद्द्यावर दोन दिवस विचार करतोय. उपचार परवडणं आणि संशोधन यांत आपण समजतो तेवढी मोठी भिंत नाही.

अबिरॅटेरोनच्या चार गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या असतात. गोळी जेवणासोबत घेतली तर रक्तात कितीतरी पट जास्त उतरते, खूप स्निग्ध जेवण असेल तर दहापटीपर्यंत. मग एकच गोळी जेवणासोबत का देऊ नये? शिकागोच्या रसेल झ्मुलेविट्झ यांच्या गटाने हे ७२ रुग्णांवर करून पाहिलं, २०१८ मध्ये निकाल छापला. एक गोळी हलक्या न्याहारीसोबत, पीएसएवरचा परिणाम चार गोळ्यांपेक्षा कमी नाही. खर्च एक चतुर्थांश. कुठली कंपनी आपल्याच औषधाचा खप पाऊण भाग कमी करणाऱ्या अभ्यासाला पैसे देईल? (कुणीही मनाने मात्रा बदलू नका, डॉक्टरांशी बोला. अभ्यास लहान आहे आणि जेवणाप्रमाणे फरक पडतो.)

दुसरं उदाहरण आपल्याच परळचं. टाटा मेमोरियलच्या वेदांग मूर्ती यांच्या गटाने जास्त धोक्याच्या २२४ रुग्णांवर तपासलं, रेडिएशन फक्त प्रोस्टेटला द्यावं की ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही. २०२१ मध्ये निकाल आला. लसिकाग्रंथींनाही दिल्यावर, पाच वर्षांनी पीएसए पुन्हा न वाढलेले रुग्ण ८१ टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. जगभरच्या रेडिएशनवाल्यांना त्याची दखल घ्यावी लागली.

अशा प्रश्नांना मालक नसतो. ते विचारायचे तर पैसा जनतेचाच लागतो.

आणि पेटंटचंही बघा. एन्झालुटामाइड हे दुसरं महत्त्वाचं औषध लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सरकारी आणि देणगीच्या पैशावर जन्मलं. भारतात त्याचा पेटंट अर्ज २०१६ मध्ये फेटाळला गेला. आज आपल्याकडच्या कंपन्या ते बनवतात आणि रुग्णाला कमी दरात मिळतं. संशोधनाला पैसा देताना फळ कुणाच्या आवाक्यात राहील हेही विचारायचा हक्क देणगीदाराला आहे.

दादरकर१९

एका गोळीचा मुद्दा मला माहीत नव्हता. आमच्याकडे महिन्याच्या गोळ्या न परवडल्याने मध्येच बंद केलेले रुग्ण येतात. त्यांच्या डॉक्टरांशी बोलेन.

तरी माझं म्हणणं पूर्ण सोडत नाही. पदपथावरचा माणूस आज रात्री पदपथावरच आहे.

ताळेबंद

मी सीए आहे, व्यवहाराचं सांगतो.

देणगी देताना हेतू लेखी कळवा: 'प्रोस्टेट कॅन्सरच्या संशोधनासाठी'. नुसता धनादेश दिला तर तो सर्वसाधारण निधीत जातो. आधी संस्थेच्या देणगी विभागाशी बोलून घ्या, की अशी राखीव देणगी ते घेतात का आणि खर्चाचा हिशेब कळवतात का. करसवलतीसाठी ८०जी ची पावती घ्या. ती सवलत जुनी करप्रणाली निवडली तरच मिळते, हे दादांना विचारून बघा.

परदेशातल्या मंडळींसाठी: भारतीय पासपोर्ट असेल तर तुमच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय निधी ठरत नाही. नागरिकत्व बदललं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, ती परकीय ठरते आणि घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए (परकीय देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते. न विचारता पाठवू नका, संस्था अडचणीत येते.

कंपन्यांत वरच्या पदावर कुणी असाल तर: सीएसआरचा (कंपनीने समाजकार्यावर करायच्या खर्चाचा) दोन टक्के निधी सरकारी विद्यापीठं, आयआयटी आणि अणुऊर्जा विभागासारख्यांच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांतल्या संशोधनाला देता येतो, कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात तशी तरतूद आहे. शाळा रंगवण्यापलीकडे बहुतेकांची नजर जात नाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पेशीघर, एक स्पष्टच विचारते. सहा लाखांत खरंच काय होतं? आमची समजूत घालू नका, जे असेल ते सांगा.

पेशीघर

स्पष्ट सांगते. कनिष्ठ संशोधकाची शिष्यवृत्ती महिना ३७ हजार आहे, घरभाडं वेगळं. म्हणजे सहा लाखांत एक मुलगा किंवा मुलगी वर्षभर, वर थोडी रसायनं. त्यात औषध निघणार नाही. प्राथमिक पुरावा मात्र उभा राहू शकतो, ज्याच्या जोरावर पुढचा मोठा अर्ज करता येतो. पुरावा कल्पनेच्या विरोधात जाण्याचीही शक्यता आहे, आणि ती कमी नाही. तेव्हा तुमचे पैसे गेले असं तुम्हाला वाटेल. तयारी असेल तरच द्या.

मला विचाराल तर एवढ्या रकमेत सर्वांत टिकाऊ काम म्हणजे रुग्णांच्या ऊतींचा संग्रह. नमुना कुणाचा, कुठला टप्पा, कोणतं औषध, किती दिवस लागू पडलं, ही नोंद नीट ठेवणारा एक माणूस वर्षभर मिळाला तर पुढची वीस वर्षं कुणीही त्यावर काम करू शकेल. दादरकर, तुमच्या यवतमाळच्या आजोबांसारख्यांचीही नोंद त्यात हवी. गावी परत जाणारे रुग्ण आमच्या आकड्यांतून गळतात आणि मग आमचे निष्कर्षही फक्त शहरातल्या माणसाचे होतात.

कृष्णाकाठ

काल रात्री घरी बोलणं झालं. आईने ठरवलंय: चार लाख ऊतींच्या संग्रहाच्या कामाला, दोन लाख दादरकरांच्या रुग्णांना, प्रवास आणि राहण्यासाठी. दादा म्हणाला, तुकडे केले तर दोन्हीकडे अपुरं पडेल. आई म्हणाली, अपुरं तर सहाही पडणार आहेत. दादरकर, तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय. ताळेबंद, हेतूचं पत्र लिहून झालं की तुम्हाला दाखवते.

पेशीघर, एक विचारायचं राहिलं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं होतं तेव्हा रुग्णालयाने बाबांच्या बायोप्सीचा तो ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणि काचा आमच्याकडे दिल्या होत्या. परत करायच्या राहून गेल्या. २०२० पासून आईच्या कपाटात आहेत, साड्यांच्या खाली, फायलीत गुंडाळून. आई विचारतेय, त्याचा काही उपयोग होईल का?

पेशीघर

होऊ शकतो. बायोप्सी प्रोस्टेटची होती की हाडाची, ते अहवालात बघा. हाडाची असेल तर ती मऊ करायला आम्लात ठेवतात आणि त्यात डीएनए खराब होतो. प्रोस्टेटची असेल तर सहा वर्षांनंतरही मेणातून डीएनए बराचसा मिळतो. ब्लॉक उन्हापासून आणि उष्णतेपासून दूर ठेवा, मेण वितळता कामा नये. सांगलीचा उन्हाळा आहे, कपाट पत्र्याचं असेल तर भिंतीच्या आतल्या बाजूला, खालच्या खणात ठेवा. फ्रीजरमध्ये नको.

ब्लॉक थेट माझ्याकडे पाठवू नका. संग्रह ज्या संस्थेत असेल तिथल्या नैतिकता समितीचं संमतीपत्र असतं, त्यावर आईंची सही लागेल. सोबत पहिला अहवाल, पीएसएचे सगळे आकडे तारखांसकट आणि गोळी सुरू केल्याची व थांबवल्याची तारीख. तुमच्याकडे आहे का हे सगळं?

कृष्णाकाठ

आहे. बाबा गणिताचे शिक्षक होते. प्रत्येक पीएसए त्यांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहिलाय, आलेख काढून. बायोप्सी प्रोस्टेटची आहे, आत्ताच बघितलं. ब्लॉक खालच्या खणात हलवला.